वाट बघायची जागा – तुमचे अनुभव

तगर:
काल भाजीवाल्या मावशींना पैसे पाठवताना फोनवरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. दहा सेकंद असतील. तेवढ्यात मी फणफणले. मावशी म्हणाल्या, "बसा की वाईच त्या कट्ट्यावर, येतील पैसे." आणि एकदम एसटीडी बूथ आठवला. रात्री 11 नंतर पाव दर लागायचा, म्हणून दिल्लीच्या काकाला फोन करायला आजी मला घेऊन दहालाच तिथे जाऊन बसायची. बाहेर लाकडी बाक, वर पिवळा बल्ब. तासभर थांबायचो, पण कंटाळल्याचं आठवत नाही. त्या बाकावर आजीने दोन सोयरिकी जमवल्या. तेव्हाची माणसं सोशिक होती असं म्हणतात. मला वाटतं, त्यांना थांबायला बाक होता. तुमच्याकडे होती का अशी जागा? आहे का अजून?

बोरकूट:
पार! दुसरं काय. आमच्या पिंपळाचा पार गुडघ्याएवढा, म्हाताऱ्यांना सहज टेकता येईल असा. रस्तारुंदीत गेला 😔 आता एसटीची वाट उभ्यानेच बघायची, दर मिनिटाला मोबाईल काढून.

सांजवात:
तगर, सोयरिकी टिकल्या ना? 😀

तगर:
दोन्ही! एकीच्या नातीचं बारसं झालं मागच्या महिन्यात.

जोंधळा:
सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. 2022 पासून तिथे संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो, मग दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आम्ही घरी करून पाहिलं, चौथ्या दिवशी मोडलं. लेक म्हणतो, मित्र सगळे ऑनलाइन, मीच का नाही? खरंय त्याचं. गावात सगळ्यांचंच बंद असतं म्हणून जमतं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रानजाई:
आमच्या सोसायटीत बाक भिंतीला एका रांगेत होते, जो तो फोनमध्ये. मी भांडून चार बाक काटकोनात लावून घेतले. डोळ्यांवर येणारे पांढरे दिवे काढून बुटके पिवळे लावले. बाकाला चार्जिंग पॉइंट हवा म्हणणाऱ्यांशी दोन महिने अबोला होता! आता संध्याकाळी बायका तिथे भाजी निवडतात. हे डोक्यात आलं पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय ते. वाट वळत जाते, सगळी बाग एकदम दिसतच नाही. पाय आपोआप हळू पडतात.

बोरकूट:
बाक कसले? आमच्याकडे कडप्पा टाकलाय, उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत बसवत नाही.

रानजाई:
लाकडी पट्ट्या. पावसाळ्याआधी तेलाचा हात. कडप्पा नकोच.

माडबन:
गोव्यात आमच्या जुन्या घराला बल्कांव आहे, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायची जागा. नेट गेलं की सगळे एकेक करून तिथेच येतात. परवा दुरुस्तीवाला आला तर बाबा म्हणाले, "आधी चहा घे, घाई नाही." मी ऑफिसच्या कॉलसाठी तडफडत होते. पण सहा महिन्यांनी बाबांशी अर्धा तास बोलले.

सांजवात:
माडबन, वाचून बाबांना फोन लावला आत्ता.

जोंधळा:
आले. लेक मागून वाचत होता. विचारतोय, बाक किती उंच हवा? गच्चीत करायचा म्हणतो.

रानजाई:
दीड फूट. आणि पाठ टेकायला ठेवा म्हणावं.