क्लॅनड ऐकवायचंय – सुरुवात कुठून करू? श्रवणबैठकीसाठी सल्ला हवा

पाणंद :
आमच्या श्रवणमंडळात दर महिन्याला एका सभासदाने दीड तास आपल्या आवडीचं काही ऐकवायचं असतं. पुढची पाळी माझी. मंडळी बहुतेक ख्याल-ठुमरी आणि नाट्यसंगीत ऐकणारी आहेत, पण कान उघडे आहेत. मी क्लॅनड या आयर्लंडच्या बँडवर बैठक करायची ठरवली आहे.

'हॅरीज गेम' या टीव्ही मालिकेचं त्यांनी केलेलं शीर्षकगीत आणि त्यानंतरचे दोन-तीन अल्बम मला चांगले माहीत आहेत. पण ते गाणं 1982 चं आणि बँड सुरू झाला 1970 मध्ये. मधल्या बारा वर्षांतलं मी जवळजवळ काहीच ऐकलेलं नाही. त्यातलं काय घ्यावं? आयरिश भाषेतली गाणी सलग लावली तर मंडळी कंटाळतील का? आणि एन्याचा, म्हणजे यांच्याच घरातल्या, पुढे एकटीने गाजलेल्या गायिकेचा विषय काढावा की टाळावा? तो एकदा निघाला की सगळा वेळ तिच्यावरच जाईल अशी भीती वाटते.

काळी चार :
विषय फार आवडला. 1976 च्या 'डूलमान'पासून सुरुवात करा, दुसरा विचारच नको. शीर्षकगीत समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्यांचं जुनं लोकगीत आहे. आयर्लंडमधल्या डोनेगॉल परगण्याच्या किनाऱ्यावर शेवाळ खायला आणि शेताला खत म्हणून वापरत, त्या जगण्यातून आलेलं. ठेका असा पकडतो की शब्द कळण्याची गरज उरत नाही.

वाद्यांकडे लक्ष वेधा. मोया ब्रेननची हार्प, तिचे भाऊ किअरनचा डबल बास आणि पोलची बासरी, आणि या भावंडांचे जुळे मामा नोएल आणि पॉड्रिग डग्गन गिटार-मँडोलिनवर. आयरिश लोकसंगीतात त्या काळी डबल बास कोण वाजवत होतं? तो जॅझमधून आला. ही मुलं घरात आईकडून चर्चमधलं समूहगायन शिकत होती आणि रेडिओवर बीटल्स, बीच बॉइज ऐकत होती. आवाज एकमेकांत मिसळायची त्यांची रीत या दोन्हींतून घडली आहे.

त्यानंतर 1979 चा मैफलीचा अल्बम, 'क्लॅनड इन कॉन्सर्ट'. त्यातलं 'नील शे ना लॉ' लावाच. 'अजून उजाडलं नाही' म्हणत गुत्त्यात बसून राहिलेल्या माणसाचं गाणं, पण मैफलीत ते दहा मिनिटांच्या आसपास फुलत जातं. मधे शब्द थांबतात आणि वाद्यं आपापली वाट धरतात. तुमच्या मंडळींना यात आपलं काही सापडेल असं मला मनापासून वाटतं. मधेच आवाज कमी करून बोलू नका, सगळं पूर्ण ऐकवा.

डब्लिनकर :
मी इथे बरीच वर्षं आहे, ग्वीडोर या त्यांच्या गावालाही जाऊन आलोय. गोष्ट सांगणार असाल तर जागेपासून सांगा. ग्वीडोर म्हणजे डोनेगॉलचा अगदी वायव्येचा कोपरा. खडकाळ जमीन, समोर अटलांटिक, आणि घराघरांत आयरिश बोलली जाते. अशी गावं देशात थोडीच उरली आहेत. जवळच मीनलेक इथे ब्रेनन कुटुंबाचा 'लिओज टॅव्हर्न' हा पब आहे. वडील लिओ पूर्वी नाचाच्या कार्यक्रमांना साथ करणारा बँड चालवायचे, आई (तिचं नाव 'बाबा') शाळेत संगीत शिकवायची. मुलं पहिल्यांदा लोकांसमोर गायली ती या पबमध्ये.

मुंबई-पुण्याच्या लोकांना सहज कळेल असा एक मुद्दा आहे. त्या काळात आयरिश भाषेतलं गाणं म्हणजे गावठी, असा समज खुद्द आयर्लंडमध्येच होता. लेटरकेनीच्या महोत्सवात बक्षीस मिळालं, त्यातून रेकॉर्ड कंपनी दारात आली, पण आयरिश गाण्यांचा अल्बम काढायला ती कचरत होती. पहिला अल्बम निघायला 1973 उजाडलं. खरी दाद आधी बाहेर मिळाली. 1975 च्या जर्मनीच्या दौऱ्यात सभागृहं भरली आणि परतल्यावर त्यांनी पूर्णवेळ हेच करायचं ठरवलं. भाषेचा एक शब्दही न कळणाऱ्या श्रोत्यांनी हा बँड उभा केला. तेव्हा तुमच्या मंडळींच्या कंटाळ्याची काळजी सोडा.

खडीसाखर :
मी वेगळं सुचवते. पहिलं गाणं 'हॅरीज गेम'चंच असू दे. नव्या श्रोत्याला आधी तो धक्का बसला पाहिजे. जुनं आधी लावलंत तर निम्मे लोक ते 'छान लोकसंगीत' म्हणून ऐकतील आणि पुढचं गाणं किती वेगळं होतं ते त्यांच्या लक्षातच येणार नाही.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत सांगता येते. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारावरची यॉर्कशायर टेलिव्हिजनची मालिका, बेलफास्टमध्ये घडणारी. त्यासाठी किअरन आणि पोलने गाणं रचलं. बाँब आणि गोळीबाराच्या बातम्यांतूनच ज्यांना आयर्लंड माहीत होतं, त्या ब्रिटिश घरांत हे आयरिश शब्द पोचले. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणं पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात सादर झालं, पुढे गीत-संगीत रचनेसाठीचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. शब्द एका जुन्या म्हणीवर बेतलेले आहेत: आलं ते सगळं जाणार, चंद्र-सूर्यसुद्धा. कोणाचीही बाजू न घेता त्या काळात एवढं बोलणं याला मी फार मोठी गोष्ट मानते.

धृपदात नुसती अक्षरं आहेत, अर्थ नाही. तराणा ऐकणाऱ्या लोकांना त्याचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

काळी चार :
@खडीसाखर, धक्क्याचा मुद्दा मान्य, पण ते गाणं आकाशातून पडलं असं वाटायला नको. पुष्कळ लेखांत तसंच लिहिलेलं असतं, टीव्हीमुळे नशीब उघडलं वगैरे. थरावर थर चढवलेले आवाज, मोकळी सोडलेली जागा, ताल जवळजवळ नाहीच, हे नवीन होतं खरं. सिंथेसायझरही त्यांच्याकडे नवा होता. पण पाच आवाजांनी एका श्वासात गायची सवय बारा वर्षांची आहे. ती नसती तर कितीही थर चढवले असते तरी तो परिणाम आला नसता. टीव्हीने त्यांना श्रोते दिले. आवाज त्यांनी आधीच कमावला होता.

एक उपाय सुचतो. 'हॅरीज गेम' दोनदा लावा. सुरुवातीला काही न सांगता, आणि मग 'डूलमान' व मैफलीचा अल्बम झाल्यावर पुन्हा. तीन मिनिटांचंही नाही, वेळ जाणार नाही.

खडीसाखर :
हे मस्त आहे! पूर्ण सहमत.

उत्तररात्र :
एन्याबद्दल. टाळू नका, लोक विचारणारच. ती या भावंडांतली धाकटी. 1980 मध्ये बँडमध्ये आली, कीबोर्ड वाजवायची आणि साथीला गायची. 1982 मध्ये निकी रायन आणि रोमा रायन यांच्याबरोबर बाहेर पडली. निकी रायन त्याआधी क्लॅनडचे निर्माते आणि व्यवस्थापक होते. म्हणजे 'हॅरीज गेम'मध्ये ती नाही, आणि अनेकांचा गोंधळ इथेच होतो. तिच्या काळाची झलक हवी तर 'फ्वाम' या अल्बममधलं काहीतरी एक घ्या आणि पुढे चला.

नंतरच्या काळातलं मी तीनच सुचवेन. 1984 चा 'लेजंड', म्हणजे 'रॉबिन ऑफ शेरवुड' मालिकेचं संगीत, ज्याला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. मोया आणि बोनोचं 'इन अ लाइफटाइम'. यू टू या रॉक बँडचा गायक बोनो तेव्हा कुठल्या कुठे पोचला होता, पण या गाण्यात तो तिच्यावर कुरघोडी करत नाही. दोन अगदी वेगळ्या पोताचे आवाज आणि दोघांनाही पुरेशी जागा. तिसरं, 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' चित्रपटातलं 'आय विल फाइंड यू'.

1987 चा 'सिरियस' मात्र वगळा. अमेरिकन रेडिओ डोळ्यांपुढे ठेवून केलेला वाटतो, ड्रम्सनी आवाज झाकून टाकलेत. 1997 च्या 'लँडमार्क्स'ला ग्रॅमी मिळालं, पण तेही 'न्यू एज' या विभागात. तो शिक्का मला कधीच पटला नाही. ज्यांची निम्मी गाणी शेकडो वर्षं जुनी, त्यांच्यावर नव्या युगाचं लेबल कशाला?

डब्लिनकर :
@उत्तररात्र, 'सिरियस'बद्दल सहमत. मात्र 2013 चा 'नादूर' विसरू नका. 1990 मध्ये बाहेर पडलेला पोल परत आला आणि पाचही जण पुन्हा एकत्र स्टुडिओत आले. 2016 मध्ये पॉड्रिग गेले आणि 2022 मध्ये नोएल. ही मूळ जुळणी आता पुन्हा ऐकायला मिळणार नाही, म्हणून त्यातलं एक तरी गाणं ठेवा.

पाणंद :
सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस हेच ऐकतोय. 'नील शे ना लॉ'मधला बासरीचा भाग रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा लावला.

आराखडा असा: आधी काहीही न बोलता 'हॅरीज गेम', मग ग्वीडोर आणि पबची गोष्ट, 'डूलमान', पूर्ण 'नील शे ना लॉ', 'फ्वाम'मधलं एक, पुन्हा 'हॅरीज गेम', मध्यंतर, आणि मग 'लेजंड', 'इन अ लाइफटाइम', 'नादूर'. मोहिकन्सचं वेळ उरला तर. जर्मनीच्या दौऱ्याची गोष्ट दुसऱ्या 'हॅरीज गेम'च्या आधी सांगेन.

शेवटची एक शंका. आमच्याकडे एकच ब्लूटूथ स्पीकर आहे. आवाजांचे थर त्यावर कळतील का?

काळी चार :
नाही कळणार, डबल बास तर गायबच होईल. कोणाकडून तरी दोन साधे स्टिरिओ स्पीकर आणि वायर मागून आणा आणि मंडळींना समोर मधोमध बसवा. फाइल्सही चांगल्या प्रतीच्या घ्या. आणि बैठक झाल्यावर कोणाला काय भिडलं ते इथे नक्की लिहा. मैफलीच्या अल्बमबद्दल तर खासच.