मदत हवी आहे: ४ महिन्यांच्या बाळासाठी ३५ हजारांची बाबागाडी घ्यावी का?

गाव दारव्हा तालुक्यात. घरासमोर काळ्या मातीचा पांदण रस्ता, डांबरी सडक अर्ध्या किलोमीटरवर. घरी मोटारसायकल आणि एक जुनी कार. पुण्याच्या जाऊबाईंनी ३५ हजारांची बाबागाडी घेतल्यापासून घरात सगळ्यांना तीच हवी आहे, सोबत वॉकरही. बजेट ४० हजार. ही गाडी इथे चालेल का? नाहीतर काय घ्यावं?

पळसफूल:
ताई, ब्रँड राहू द्या, आधी चाकं पाहा. अशा गाड्यांची पुढची फिरती चाकं बहुधा १२ ते १५ सेंटिमीटरची असतात. फरशीवर ती छान पळतात. पावसाळ्यात मात्र ओली काळी माती चाक आणि चिमट्याच्या मधे भरते आणि चाक जाम होतं. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. भेगेत चाक अडकलं की गाडी पुढे कलंडते.

३० सेंटिमीटरची हवेची चाकं पांदणीतून निघतात, पण वावराच्या कडेला सराट्याचे काटे आहेतच, पंक्चर ठरलेलं. घ्यायचीच तर फोम भरलेल्या चाकांची घ्या. हवेचीच मिळाली तर टायरवरचा आकार वाचा. १२½ × २¼ (इंच) असेल तर लहान मुलांच्या सायकलची ट्यूब चालते, मात्र पुष्कळ गाड्यांना वाकड्या नळीचा व्हॉल्व लागतो. तो सायकलवाल्याकडे आहे का, आधी विचारा. ब्रेकचा खटका किंवा घडीचा सांधा तुटला तर परदेशी गाडीचा सुटा भाग तालुक्याला मिळणं कठीण. शिवाय या वयात बाळ सपाट निजेल एवढी पाठ मागे जायलाच हवी. बाळाला फक्त बसवता येणारी गाडी आत्ता कामाची नाही.

आणि मे महिन्यात गाडीवर दुपट्टा टाकून सावली करू नका. आत हवा कोंडते आणि बाळ तापतं.

वर्धेकर:
कार आहे ना? मग मोठा खर्च बाळाच्या कार सीटवर करा. भारतात साधारण १० हजारांच्या आसपास चांगली मिळते. लेबलवर ईसीई आर४४/०४ किंवा आर१२९ हे सुरक्षेचं मानक पाहा. बाळाचं तोंड कारच्या मागच्या बाजूला हवं. आर१२९ प्रमाणे किमान १५ महिन्यांपर्यंत असंच बसवायचं. सीट कारच्या मागच्या बाकावर ठेवा. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर तर कधीच नको.

जुन्या कारमध्ये बहुधा आयसोफिक्स (बाळाची सीट थेट अडकवायचे कारमधले हूक) नसतं, म्हणून आधी मागचा बेल्ट तपासा. फक्त कमरेचा असेल तर बऱ्याच सीट त्यावर बसत नाहीत. बसवताना सीट गुडघ्याने दाबून बेल्ट ओढा. बेल्ट जातो तिथे धरून हलवा, २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलायला नको. बाळाचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा खालून यावेत, आणि खांद्याजवळ पट्ट्याची चिमटी घेता येत असेल तर ते सैल आहेत. एवढं नीट केलं तरच त्या सीटचा उपयोग.

मोटारसायकलवर ४ महिन्यांचं बाळ नकोच. केंद्राच्या नियमात ४ वर्षांखालच्या मुलासाठी चालवणाऱ्याला बांधलेला हार्नेस (अंगाभोवतीचा पट्टा) आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट. एवढ्याशा बाळाच्या मानेला हेल्मेटचं वजनच पेलत नाही.

वॉकर कोणी फुकट दिला तरी वापरू नका. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. बाळ क्षणात ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत किंवा चुलीपाशी पोचतं, आणि चालायला त्याने काहीच मदत होत नाही.

प्रश्नकर्ती:
कार सीटचं पटलं. पांदणीतून न्यायचं कसं? आणि सासूबाईंना पाहुण्यांना दाखवण्याजोगं काहीतरी घरात हवंच आहे.

पळसफूल:
पांदणीसाठी बाळाला छातीशी बांधायचा सुती कापडाचा कॅरियर. बाळाचं तोंड तुमच्याकडे, गुडघे ढुंगणापेक्षा वर, पाय इंग्रजी एम अक्षरासारखे पसरलेले. हनुवटी आणि छातीत दोन बोटं मावली पाहिजेत, आणि चेहरा सतत दिसला पाहिजे. दोघांच्या अंगाची उष्णता एकत्र होते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावरच निघा.

पाहुण्यांसाठी सुताराकडून सागवानी पाळणा करून घ्या. आपल्याकडच्या सागाची शान त्या बाबागाडीत नाही, आणि सासूबाईंना मनापासून आवडेल. गजांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगा, नाहीतर अंग सरकून डोकं अडकतं. तळ सपाट फळीचा, गादी घट्ट आणि चौकटीत नेमकी बसणारी. उशी, लोड, लटकन काहीही आत नको. निजवताना पाठीवर, आणि कोणी जवळ नसेल तेव्हा झोका थांबवणारी खुंटी लावलेली असावी. ती खुंटी सुताराकडून आठवणीने करून घ्या.