अनुभव धागा: तुमच्या घरात मागच्या सीटचा पट्टा कधी, कुणामुळे लागला?

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मागे बसलेली गाडी धडकली. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, दोघंही गेले. पुढचे दोघं वाचले. त्यानंतर आमच्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळे मागच्या सीटवरून भांडले. तुमच्याकडे काय झालं? सविस्तर लिहा.

*

आमची फियाट. पुढे अखंड सीट, गिअर स्टिअरिंगपाशी, म्हणून आईबाबांच्या मधे मी. मागे काका-काकू आणि चार पोरं. सोलापूर ते गणपतीपुळे असंच जायचो. गाडीत पट्टाच नव्हता, तेव्हा बाबांना बेफिकीर म्हणायला मी तयार नाही. रात्री ते गाडी काढायचेच नाहीत. पण २००२ मध्ये पुणे-मुंबई एक्सप्रेसवे पूर्ण झाला, नवी गाडी शंभरला सहज पोचू लागली, आणि बाबांचं एकच, "मी सावकाश चालवतो." शेजारून जाणारा ट्रक सावकाश नसतो, हे पटवता पटवता वर्षं गेली.

*

टुरिस्ट गाडी चालवतो. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला, तेव्हा मागची बकलं शोधायची वेळ आली. रेक्झिनच्या कव्हरखाली दडपलेली होती. ब्लेडने चिरून बाहेर काढली, कडा शिवून घेतल्या. आता गिऱ्हाईक बसलं की आधी सांगतो. म्हातारी माणसं लगेच ऐकतात, तरुणच कुरकुरतात.

*

सातव्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "पोटावर पट्टा नको गं, बाळ दबेल." काळजीपोटीच. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर दाखवलं: खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरून, तिरका छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. नंतर मी गाडीत बसले की त्याच वाकून पट्टा नीट खाली सरकवायच्या.

*

जर्मनीत १२ वर्षांखालचं मूल १५० सेंटिमीटरहून कमी उंचीचं असेल तर चाइल्ड सीट लागतेच. आई पुण्याहून आली होती. नात रडली की म्हणायची, "दे इकडे, मी घट्ट धरते." मी गाडी बाजूला घेऊन थांबवायचे, मगच नात तिच्याकडे. आईच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण ताशी पन्नासच्या धडकेत दहा किलोचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर भारतातही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. तरी पुण्यात पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, मांडीवरची बाळं दिसतात. बघवत नाही.

*

भाच्याने बकलमध्ये, पट्टा न लावताही गाडीचा 'बीप' बंद करणारी क्लिप खोचली आहे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिची ऑनलाइन विक्री थांबवायला लावली, पण त्याच्याकडे आधीचीच होती. पट्टा नसला की माणूस पुढे फेकला जातो आणि उघडणारी एअरबॅग त्याच्यावरच आदळते, हे समजावलं. त्याने क्लिप काढली. दिवाळीला आला तेव्हा पुन्हा होती. दंडाची भीती त्याला नाही, माझं ऐकत नाही. कुणी घरातल्या तरुणाला हे पटवलं असेल तर नेमकं काय सांगितलंत, तेवढं लिहा.