खान्देशातली आंदोलनं, अफवा आणि व्हॉट्सअ‍ॅप: प्रबंधासाठी विदा (डेटा) कसा हाताळायचा?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. माध्यमशास्त्रातल्या पीएचडीचा आराखडा करते आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये आंदोलनाच्या आणि संकटाच्या वेळी समाजमाध्यमं कशी वापरली जातात, हा विषय. दोन प्रसंग पक्के आहेत: जून २०१७ चा शेतकरी संप आणि १ जुलै २०१८ चं साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचं हत्याकांड, जिथे मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारलं. तापीचा पूर तिसरा घ्यावा का, ते ठरत नाही.

मार्गदर्शक म्हणतात हॅशटॅग गोळा करा, त्यावर लिखाण भरपूर आहे. मला चार व्हॉट्सअ‍ॅप गटांच्या एक्स्पोर्ट फायली (गटातलं बोलणं मजकूर म्हणून उतरवलेल्या) मिळू शकतात: दोन शेतकऱ्यांचे गट, एक गावाचा, एक पत्रकारांचा. चौघं अ‍ॅडमिन तयार आहेत. एवढं पुरेल का? संदेशांचं वर्गीकरण कसं करायचं? आणि सैद्धांतिक चौकट कुणाची घ्यावी?

हतनूरकर

ताई, हॅशटॅगचं आधी उरकून टाकू. अ‍ॅक्सेल ब्रन्स आणि जीन बर्जेस या माध्यम-संशोधकांनी हॅशटॅगभोवती ऐनवेळी जमणाऱ्या समूहांची जी मांडणी केली, ती २०११ च्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पुरात चपखल बसली, कारण तिथलं पोलिस खातं स्वतः ट्विटरवर बसून अफवा खोडत होतं. साक्री तालुक्यातल्या आठवडे बाजारात हॅशटॅग कोण लावतो? आता विदाही हाताशी नाही. ट्विटरने २०२१ मध्ये संशोधकांना महिन्याला १ कोटी ट्विटं फुकट घेऊ दिली होती, ते दार २०२३ मध्ये बंद झालं. फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्ट शोधण्याचं साधन, क्राउडटँगल, १४ ऑगस्ट २०२४ ला गेलं. सरांना हे तारखांसकट दाखवा.

सार्वजनिक आणि फुकट असं काही हवंच असेल तर यूट्यूबवरच्या स्थानिक वृत्तवाहिन्यांखालच्या प्रतिक्रिया घ्या. एपीआयचा (प्रोग्रामने विदा मागण्याच्या सोयीचा) रोजचा कोटा १० हजार एकक. शोधाच्या एका मागणीला १०० एकक जातात, प्रतिक्रियांच्या एका पानाला, म्हणजे जास्तीत जास्त १०० प्रतिक्रियांना, फक्त १. म्हणून शोध हाताने करा, व्हिडिओंची यादी बनवा आणि कोटा प्रतिक्रियांवर खर्च करा. उलटं केलं की दुपारपर्यंत कोटा संपतो.

चौकटीचं म्हणाल तर बेनेट आणि सेगरबर्ग यांची २०१२ ची मांडणी सगळे घेतात: संघटनेशिवाय, जो तो आपापलं म्हणणं वाटत जोडला जातो आणि त्यातून चळवळ उभी राहते. आपल्याकडे ती जशीच्या तशी चिकटवू नका. मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई लाँग मार्च ६ तारखेला निघाला, १२ ला पोहोचला. सोललेल्या पायांचे फोटो देशभर फिरले, पण चालणारी माणसं किसान सभेच्या गावोगावच्या बांधणीतून आली होती. पुणतांब्याच्या ग्रामसभेतून निघालेल्या २०१७ च्या संपाचा निरोप मात्र बराचसा फोनवरून पसरला. या दोन्हींमधला फरक समाजशास्त्रज्ञ झैनेप तुफेकी यांच्या 'क्षमतेची खूण' या कल्पनेने नीट मांडता येतो: मोर्चा किती मोठा दिसला याहून तो उभा करायला मागे किती बांधणी लागली, ते बघायचं.

खिडकीजवळची सीट

चौकट नंतर ठरवा. आधी फायली २०१७-१८ पर्यंत पोहोचतात का ते तपासा. बहुधा पोहोचणार नाहीत.

मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलं तर शेवटचे साधारण ४० हजार संदेश येतात, मीडियासह १० हजार. गटात रोज १०० संदेश पडत असतील तर ४० हजार म्हणजे ४०० दिवस. २०१८ कुठल्या कुठे राहिलं! यावर एक उपाय आहे. त्या काळात गट सोडलेला, पण फोनमधून तो न पुसलेला सदस्य शोधा. त्याच्या फोनमधला गटाचा संवाद गट सोडल्या दिवशी थांबलेला असतो, त्यामुळे त्याचे शेवटचे ४० हजार त्या दिवसापासून मागे मोजले जातात. आणि कुठलाही सदस्य स्वतः गटात येण्याआधीचं काही देऊ शकत नाही.

फाईल मिळाल्यावर काय काय बिघडतं ते सांगतो.

ओळी मोजू नका. चार ओळींचा एक संदेश फाईलमध्ये चार ओळी घेतो, तारीख फक्त पहिलीवर असते. तारखेने सुरू न होणारी ओळ आधीच्या संदेशाला जोडून घ्या. तारखेचा साचा फोनगणिक बदलतो: आयफोनवर चौकोनी कंसात सेकंदांसह, अँड्रॉइडवर बहुधा सेकंदांशिवाय; कुठे १२ तासांचं घड्याळ, कुठे २४ चं. नावं फाईल देणाऱ्याच्या फोनमध्ये जशी साठवलेली असतात तशीच उतरतात, म्हणून एकच माणूस एका फायलीत 'आप्पा', दुसरीत 'सोसायटी चेअरमन' आणि तिसरीत नुसता नंबर. फायली एकत्र करण्याआधी ही जुळणी हाताने करावी लागते, तिला पळवाट नाही.

'फॉरवर्डेड' ही खूण एक्स्पोर्टमध्ये उतरत नाही. कोणत्या संदेशाला उत्तर दिलं तेही नाही, इमोजीच्या प्रतिक्रियाही नाहीत. तसंही ती खूण आली जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यानंतर. त्याच महिन्यात भारतात एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. संपाच्या वेळचा वेग आणि २०२१ च्या एखाद्या आंदोलनाचा वेग शेजारी ठेवून 'लोक शहाणे झाले' असं लिहू नका. मधे नळाची तोटीच बदलली आहे.

नंदुरबार घेणार असाल तर आणखी एक. फाईलमधली वेळ पाठवल्याची असते, पोहोचल्याची नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर फोन पाच-सहा तास रेंजबाहेर राहतो आणि मग सगळं एकदम येतं. पोहोचल्याची वेळ पाठवणाऱ्याच्या फोनवर 'संदेशाची माहिती'मध्येच दिसते.

गिरणाकाठ

४०० दिवसांचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. एका गटातून २०१९ मध्ये बाहेर पडलेले एक काका आहेत, त्यांना विचारते. फोटो-व्हिडिओ एकसारखे आहेत की नाही हे कसं ओळखायचं? आणि अहिराणीचं काय करायचं?

खिडकीजवळची सीट

साध्या हॅशने, म्हणजे फाईलवरून काढलेल्या ठशासारख्या आकड्याने, फक्त तंतोतंत तीच फाईल सापडते. कुणी स्क्रीनशॉट काढून टाकला की हॅश बदलतो. म्हणून दृश्यावरून काढलेला हॅश, पीहॅश, वापरा आणि दोन चित्रांतलं हॅमिंग अंतर, म्हणजे दोन हॅश किती जागी वेगळे आहेत ते, बघा. किती अंतरापर्यंत 'एकच' धरायचं, तो उंबरठा पुस्तकातून उचलू नका. आपल्याच २०० जोड्या डोळ्यांनी तपासून ठरवा. सुप्रभातची आणि श्रद्धांजलीची कार्डं हमखास घोटाळा करतात: चौकट तीच, माणूस वेगळा, आणि पीहॅश म्हणतो एकच. ती आधीच बाजूला काढा.

कानबाईचा भाचा

अहिराणीचं मी सांगतो. प्रमाण मराठीतले शब्द शोधून अर्धा विदा हातातून निसटतो. 'मुलं पळवणारी टोळी' एवढंच शोधलं तर 'पोरे' आणि 'आंडोर' राहून जातात. 'आला' साठी 'उना', 'ऊना', 'वना' तिन्ही लिहितात. 'आहे' साठी 'शे' आणि 'से'. त्यात निम्मे लोक रोमन लिपीत टंकतात. भुसावळ-यावल-रावेरकडची लेवा गणबोली वेगळी, तिची यादी वेगळी करा. आधी ५०० संदेश नुसते वाचा, त्यातून शब्दयादी काढा, मग शोध.

वर्गीकरणाला दुसरा वाचक घ्या, तोही अहिराणी बोलणारा. 'या रे भो, दखाडू तुमले' (या रे भाऊ, दाखवतो तुम्हाला) हा सभेचा निरोप आहे, धमकी आहे की थट्टा, हे पुण्यातल्या वाचकाला कळणार नाही. दोघांनी एकमेकांचं न बघता तेच २०० संदेश वर्गांत लावावेत आणि क्रिपेनडॉर्फचा अल्फा, म्हणजे दोघांचं किती जुळतं याचं माप, काढावा. ०.८० च्या वर ठीक. ०.६६७ च्या खाली गेला तर वर्गांच्या व्याख्या सैल आहेत असं धरा आणि पुन्हा लिहा.

हतनूरकर

राईनपाड्याबद्दल जपून. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे मारले गेले. त्या काळात देशभर फिरत असलेला एक व्हिडिओ कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला होता. 'मुलांवर लक्ष ठेवा' सांगणारा शेवट कापला की तो अपहरणाचा पुरावा दिसतो. पण व्हिडिओ फिरला म्हणून माणसं मारली, इथे विश्लेषण थांबवू नका. शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी २०१९ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या क्षेत्रकामावरून दाखवलं की खरा प्रश्न फोन न कळण्याचा नसून, कोणाबद्दल काय खरं मानायची आधीच तयारी आहे याचा आहे. तोच संदेश हजारो गावांत गेला होता. भटक्या माणसाकडे गाव एरवी कसं बघतं, हे एक्स्पोर्ट फाईल सांगणार नाही. त्याला मुलाखती लागतील.

अ‍ॅडमिनची संमती ही गटाची संमती नव्हे. गटात तुमचं नाव, हेतू आणि मुदत लिहून संदेश टाका. नाही म्हणेल त्याच्या ओळी वाचण्याआधीच काढा. बाहेर पडलेल्या काकांच्या फायलीतही इतरांचं बोलणं आहेच, त्या इतरांनाही विचारावं लागेल. नंबरांच्या जागी संकेत द्या, संकेतांची किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवा. संदेश शब्दशः छापू नका: गाव लहान, बोलण्याची लकब सगळ्यांना ठाऊक. संशोधकाला वकिलासारखं गोपनीयतेचं कायदेशीर कवच नाही, त्यामुळे नको तो विदा जवळ ठेवूच नका.

गिरणाकाठ

आणि पूर? घ्यावा का?

हतनूरकर

घ्या, कारण तिथे खरं काय घडलं ते मोजता येतं. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. किती उघडले आणि विसर्ग किती, हे जलसंपदा खातं तारीख-वेळेसह कळवतं. गटातला संदेश त्याच्याशेजारी ठेवला की चूक कुठल्या जातीची ते दिसतं. एक, मागच्या वर्षीचा व्हिडिओ आजचा म्हणून. दोन, क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आणि क्युसेकची (सेकंदाला घनफूट) गल्लत: १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, म्हणजे एकक बदललं की आकडा ३५ पट फुगतो किंवा आटतो. तीन, बरोबर संदेश, पण उशिरा: दरवाजे सकाळी बंद झालेले आणि गटात 'उघडले' रात्रीपर्यंत फिरतंय. तिसऱ्या जातीला 'खोटं' या वर्गात टाकू नका, तिला वेगळा रकाना द्या.