प्राध्यापकांनी कारभार सुधारायचा म्हणे!

कोरडवाहू:
परवाच्या "प्राध्यापक हाच सुशासनाचा खरा पहारेकरी" या पोस्टवर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विद्यापीठातल्या लोकांनी सरकारी योजना तपासाव्यात, सरकारला सल्ला द्यावा, लोकांना हक्क समजावून सांगावेत, की झाला कारभार पारदर्शक. वा!

आता माझं ऐका. भाच्याला एका पेपरात ३ मार्क पडले. पोरगं काही फार हुशार नाही पण ३ मार्कांचा ढ पण नाही. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायला गेला तर खिडकी नंबर दोन, मग पाच, मग साहेब मीटिंगला. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर आलं "गोपनीय". २०११ सालीच सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला हक्क आहे, तरी गोपनीय! अपील केलं तेव्हा कुठे झेरॉक्स हातात आली. पुरवणी दोऱ्यानं नीट बांधलेली, पण आत लाल पेन लागलेलंच नाही. तपासणारा प्राध्यापकच होता ना? की तो पण मंत्रालयातून आला होता? आधी स्वतःच्या पुरवण्या तपासा, मग राज्याचा कारभार तपासा.

निवृत्त मास्तर:
कोरडवाहू साहेब, भाच्याचं वाईट वाटलं, पण एका पुरवणीवरून सगळ्या वर्गाला फाशी देऊ नका. परीक्षा विभाग हे प्रशासन, आम्ही नाही. तेहतीस वर्षं शिकवलंय, मला फरक कळतो. आणि प्राध्यापकांनी कारभारासाठी काय केलं म्हणता? अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांची १९८३ ची समिती आठवा. कुठल्या जिल्ह्यात किती सिंचन, किती रस्ते, किती शाळा, राज्याच्या सरासरीच्या कोण किती मागे, हे सगळं आकड्यांत मांडलं, १९८४ ला अहवाल दिला. "आमच्यावर अन्याय" या नुसत्या ओरड्याला पहिल्यांदा रुपये मिळाले. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ बघा, २००८ साली विद्यार्थ्यांच्या टोळ्या घेऊन उत्तरेकडच्या सहा राज्यांत रोजगार हमीच्या कामांवर गेले, मजुरांना समोर बसवून विचारलं. ही कामं बाबू करत नाही.

अनुशेषग्रस्त:
दांडेकरांचं नाव आलंच आहे तर बोलतो. सर, तो हिशोब जिल्हा धरून केला हे सोयीस्कर विसरलात. प्रदेश धरायला हवा होता. जिल्हा धरल्यामुळे अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिल्याची तूट, उर्वरित महाराष्ट्रालाही (विदर्भ-मराठवाडा सोडून बाकीचा) निघाला, तोही थोडाथोडका नाही, एकूण ३१८६ कोटींतले ११८९ कोटी. विदर्भाला १२४६. म्हणजे ज्यांच्यामुळे अनुशेष झाला त्यांनाही वाटा! ही प्राध्यापकी तटस्थता आम्हाला किती महागात पडली ते आमच्याकडच्या कालव्याला विचारा, माझ्या लग्नाच्या आधी खोदला, मुलगी कॉलेजात गेली, पाणी अजून बघितलं नाही.

निवृत्त मास्तर:
अहो, दुष्काळी जिल्हा कुठल्या प्रदेशात आहे बघून त्याचं पाणी ठरवायचं का? तुमच्या हिशोबानं पश्चिमेकडच्या कोरड्या जिल्ह्यानं उपाशी राहायचं, कारण शेजारी ऊस आहे?

अनुशेषग्रस्त:
हेच ते. "शेजारी ऊस आहे" हे तुम्हीच बोललात, मी नाही. हा अनुशेष भरून काढायला प्रदेशवार वैधानिक विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं, तोवर दहा वर्षं अहवालाला कसर लागली, आणि तुम्ही सांगताय रुपये मिळाले. आकडा मिळाला, सर. रुपये नाही.

निवृत्त मास्तर:
पाणी अडवणं माझं काम नाही, दांडेकरांचंही नव्हतं. मोजणं त्यांचं काम होतं, ते चोख केलं. तुम्हाला मोजणारा पण आपल्या बाजूचा पाहिजे, मग तो प्राध्यापक कशाला, वकील करा.

अनुशेषग्रस्त:
पुण्यात बसून मोजायला काय जातं.

फाईलबंद:
तुम्ही दोघं अनुशेषाचा वेगळा धागा काढा राव. (आणि मास्तर, दांडेकरांची पुण्यातली गोखले इन्स्टिट्यूट त्या वेळी विद्यापीठ नव्हतीच, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९३ ला मिळाला. म्हणजे विद्यापीठाचं उदाहरण म्हणून दिलंत ते विद्यापीठाबाहेरचं निघालं.)

मी जिल्हा परिषदेत एकोणतीस वर्षं काढली, तर संशोधनाची दुसरी बाजू सांगतो. दर वर्षी जानेवारीत पीएच.डी.वाले येतात, प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन. "पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत". पन्नास सरपंचांकडून भरून हवी. कोण फिरणार? जेवणाच्या सुट्टीत आमचा एक क्लार्क निळ्या पेननं पंचवीस भरायचा आणि काळ्या पेननं पंचवीस, अधूनमधून डाव्या हातानं टिक करायचा, म्हणजे माणूस बदलल्यासारखं वाटतं. डॉक्टरेट मिळाली. शेवटचं प्रकरण "शिफारशी", त्यात काय? "ग्रामीण भागात जनजागृती होणे गरजेचे आहे." तीनशे पानं लिहून हे! आणि विधान परिषदेत शिक्षकांच्या हक्काच्या ७ जागा आहेत, तिथून आम्हाला ऐकू काय येतं, जुनी पेन्शन आणि अनुदान. कारभाराबद्दल बोला की कधीतरी.

निवृत्त मास्तर:
त्या मतदारसंघात शाळेचे शिक्षकही मतदार असतात, सगळं आमच्या माथी मारू नका. आणि क्लार्कनं खोट्या प्रश्नावल्या भरल्या त्या तुमच्या ऑफिसात, तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही काय केलंत?

फाईलबंद:
चहा पाजला त्याला. बरोबर आहे तुमचं, हा टोला बसला.

कोरडवाहू:
चला, एकानं तरी कबूल केलं. पण मास्तर, गाडगीळ समितीचं काय? माधव गाडगीळ, अस्सल प्राध्यापक माणूस, २०११ ला पश्चिम घाटाचा अहवाल दिला, ग्रामसभांना विचारा म्हणाले. सरकारनं दडपला, शेवटी माहिती अधिकारात भांडून, दिल्ली हायकोर्टापर्यंत जाऊन, २०१२ च्या मे महिन्यात बाहेर आला. मग लगेच दुसरी समिती. म्हणजे सल्ला कितीही चांगला असला तरी ऐकणारा पाहिजे ना. पहारेकरी म्हणे! दाराबाहेर उभा केलेला पहारेकरी.

तासिकावाली:
एवढा वेळ वाचतेय, सगळे "प्राध्यापक" म्हणताय ते नक्की कोण? मी नेट आहे, सेट आहे (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा), पीएच.डी. आहे (प्रश्नावल्या स्वतः फिरून भरल्या, फाईलबंद काका) आणि आठ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांच्या हिशोबानं, कायम न होता शिकवतेय. दर वर्षी नवीन मुलाखत, दर वर्षी तेच पॅनल विचारतं "तुमचा परिचय द्या".

तीन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाला स्थानिक शासन शिकवत होते. पुस्तकातली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती पोरं पाठ करतात, पण स्वतःच्या गावाचं अंदाजपत्रक एकानंही बघितलेलं नव्हतं. म्हटलं, प्रत्येकानं आपल्या ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, मागच्या वर्षीचा जमाखर्च मागायचा. अडतीस अर्ज गेले. मुदत तीस दिवसांची, तेवढ्यात उत्तरं आली अकरा. एका मुलीच्या गावात दिवाबत्तीचा खर्च होता, तिनं वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाली मॅडम, आमच्या गल्लीत खांबच नाही. सगळा वर्ग हसला. ती हसली नाही.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. एक सरपंच संस्थेच्या संचालकांचे मेहुणे निघाले. प्राचार्य माणूस वाईट नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले मॅडम, अभ्यासक्रम पूर्ण करा ना. जूनमध्ये माझं नाव यादीत नव्हतं. आता दुसऱ्या कॉलेजात शिकवते, तिथं पोरांना कलमं पाठ करून घेते. स्टाफरूममध्ये पगारी, कायम, कुणी हात लावू शकणार नाही असे नऊ जण होते, त्यातल्या एकानं विचारलं असतं ना "हिचं काय चुकलं", तरी बास होतं. ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यमापनाच्या, फायली लावत होते.

अनुशेषग्रस्त:
हे वाचून गप्प बसलो. पण मॅडम, हे कुठल्या विभागात? कारण पदभरतीतही अनुशेष आहेच.

कोरडवाहू:
अनुशेषवाले, आता पुरे हो! मॅडम, माझा मुद्दा थोडा मागे घेतो. थोडाच. पुरवणी न तपासणारा कायमवालाच असणार.

तासिकावाली:
तेही नक्की नाही. पेपर तपासायला आम्हालाच पाठवतात, कायमवाल्यांना वेळ नसतो. एका दिवसात किती गठ्ठे संपवायला लावतात ते एकदा येऊन बघा. भाच्याची पुरवणी माझ्यासारख्या कुणाच्या हातून सुटली असेल. माफी मागते, पण कारण सांगितलं.

निवृत्त मास्तर:
त्या नऊ जणांच्या जागी मी असतो तर विचारलं असतं, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. अशा दोन घटना माझ्या नोकरीत झाल्या, दोन्ही वेळा मी विभागप्रमुख होतो आणि दोन्ही वेळा मूल्यमापनाचं काम चालू होतं. असो. मॅडम, पुन्हा अर्ज टाकायचे असतील तर मुलांनी फक्त मजकूर लिहावा, खाली सही माझी. मला आता कुणी कामावरून काढू शकत नाही.

फाईलबंद:
ग्रामसेवकाच्या टेबलावर एकाच माणसाच्या सहीचे अडतीस अर्ज पडले की तो तुम्हाला पेन्शनर, रिकामटेकडा म्हणणार. मीही म्हणायचो.

तासिकावाली:
सर, नुसती सही पुरत नाही, अर्जावर पत्ता लागतो. उत्तर पोस्टानं येतं, आणि कधी कधी उत्तराआधी माणूस येतो. चालेल?

निवृत्त मास्तर:
दोन तास झाले तुमचा प्रश्न वाचून. घरी बोललो, सौ. नको म्हणाली. चालेल. पण पहिल्यांदा दहाच पाठवा, अडतीस नको.