आचाऱ्यांचे आचार्य झाले! मराठी टंकायला इन्स्क्रिप्ट शिकावं की नाही?

खजिनदार_काका

आमच्या गणेशोत्सव मंडळाचा यंदाचा अहवाल छापून आला. खर्चाच्या पानावर ठळक ओळ: 'महाप्रसाद – आचार्यांना मानधन रु. १४,०००'. सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "प्रवचन कधी ठेवलं होतं? आम्हाला कळवलं नाहीत ते." पुढची पाच मिनिटं सभा हसत होती आणि मी जमाखर्चाच्या वहीत तोंड घालून बसलो होतो.

चूक माझीच. मजकूर फोनवर इंग्रजी अक्षरांत बडवला, खाली पर्याय आले, पहिला दाबला, पुढे गेलो. हवे होते आचारी, मिळाले आचार्य.

त्याच रात्री ठरवलं आणि लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिकायला बसलो. वय वर्षं ५८. रोज अर्धा तास, तीन आठवडे. माहीत नसणाऱ्यांसाठी: डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. केच्या कळीवर क, शिफ्ट दाबलं की ख. आयवर ग, शिफ्टने घ. 'मराठी' लिहायला सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्हाची कळ, आर. पाच कळा, पाच चिन्हं, मध्ये अंदाज कुणाचाच नाही. आणि ज्याने माझी शोभा केली तो ऱ्य? शिफ्ट-जेने ऱ, डीने पाय मोडायचा, मग य. संपलं.

हा कळफलक १९८६ पासून आहे, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे आयता मिळतो. पैसे नाहीत, इंटरनेट लागत नाही. तरी आपण काय करतो? मनात मराठी, बोटांत इंग्रजी अक्षरं, आणि मग यंत्राने अंदाज बांधून परत मराठी करायचं. याला द्राविडी प्राणायाम नाही तर काय म्हणायचं? ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, आणि 'पण' लिहायला गेलो की आधी 'पान' येतं.

माझं मत सरळ आहे. रोज पानभर मराठी लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकावंच. हाणा आता.

थेट_बोला

काका, तीन आठवडे? तेवढ्यात मी दुकानाची दोन महिन्यांची कोटेशनं बोलून मोकळा होतो. माईकचं चिन्ह दाबायचं, बोलायचं, झालं. माझे वडील सातवी शिकलेले. ते आता नातेवाइकांना चार-चार ओळींचे निरोप पाठवतात, तेही देवनागरीत. त्यांना 'शिफ्ट-जे' सांगून बघा, फोन परत करतील. टायपिंग हा प्रकारच जाणार आहे. तुम्ही टांगा चालवायला शिकताय.

वऱ्हाडी_ठेचा

टांगेवाल्याला निदान आमची भाषा कळते भाऊ. आई फोनला म्हणते "मले सांग", आणि फोन लिहितो "मला सांग". तिने पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा 'मला'च लिहिलं. तिसऱ्यांदा तीच 'मला' म्हणाली. घरात ६५ वर्षं कुणी तिला सुधारलं नव्हतं, ते काम या डबड्याने तीन वाक्यांत केलं. मालवणी, अहिराणीवाल्यांचे काय हाल होत असतील ते त्यांनीच सांगावं.

शिवाय एसटीत बसून "उधारी कधी देतो" हे मोठ्याने कसं बोलायचं?

थेट_बोला

उधारीचा मुद्दा मान्य.

नियमाने_चाला

काकांची एक गल्लत होतेय. फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं, दोन जातींचं असतं. एक अंदाजाचं: तुम्ही काहीतरी लिहा, यंत्र शब्दकोशातून पर्याय देतं. दुसरं नियमाचं: बरहा, गमभन या साधनांसारखं. त्यात लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ; लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. एका चिन्हाला एकच उत्तर, तिथे अंदाज नसतो. 'वेल' आणि 'वेळ' यांत माझी कधीच गफलत होत नाही. विंडोजमध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलकही आलाय. काका, तुमचं भांडण अंदाजाशी आहे, त्यासाठी सगळ्या फोनेटिकला कशाला झोडपता?

मी १५ वर्षं नियमाच्या फोनेटिकने लिहितोय. इंग्रजीचा हात बसलेलाच असतो, नवीन काही शिकावं लागत नाही.

खजिनदार_काका

मान्य, गल्लत झाली. पण एक सांगा, तुमचं ते साधन उद्या बंद पडलं तर? एका बड्या कंपनीचं उतरवून घ्यायचं साधन मी पाच वर्षं वापरलं. लॅपटॉप बदलला, शोधायला गेलो, तर ते मिळणंच बंद झालेलं. दुसरं घेतलं तर त्यात ज्ञ ची खूण वेगळी. प्रत्येक सासरी नव्याने चूल मांडायची.

डीटीपी_२२_वर्षं

तुम्हा सगळ्यांचं वाचून करमणूक झाली. मी रेमिंग्टनवाला, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकाचा. संस्थेत टाइपरायटरवर शिकलो, मराठी ३० आणि ४० (मिनिटाला इतके शब्द) दोन्ही परीक्षा दिल्या. डोळे मिटून लिहितो. इन्स्क्रिप्ट चांगलं असेल, पण माझी बोटं आता बदलणार नाहीत, आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

खरं दुखणं कुठे आहे ते सांगतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, मजकूर पाठवतं. आमच्याकडे पत्रिका, अहवाल, हँडबिलं अजून जुन्या फॉन्टांत होतात, कारण पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमला युनिकोड देवनागरी कळत नाही आणि वीस वर्षांचे साचे त्यातच पडलेत. मग मजकूर युनिकोडचा जुना फॉन्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढायचा. त्यात रफार उड्या मारतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ऱ्य तर हमखास गोत्यात येतो. डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. उलट दिशेलाही तेच: जुन्या फॉन्टातली फाईल तुमच्या फोनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण यंत्राच्या लेखी ती मराठी नसतेच, मराठी दिसणारी इंग्रजी अक्षरं असतात.

आणि काका, राग मानू नका, तुमची चूक टंकायची नव्हती. प्रूफ न बघण्याची होती.

शुद्धलेखन_नको_आवर

+१. बाकी चालू द्या.

न्यूजर्सीतली_मावशी

काकांचं 'शिकावंच' मला खटकलं. इथे आमची लेक तेरा वर्षांची आहे. रविवारच्या मराठी शाळेत जाते, बोलते बऱ्यापैकी, वाचते अडखळत. कोल्हापूरच्या आजीला रोज फोनवर लिहिते, इंग्रजी अक्षरांत, आणि फोन त्याचं देवनागरी करतो. परवा तिला 'काल' लिहायचं होतं. खाली काल, कळ, कल असे तिन्ही आले. ती पुटपुटत एकेक वाचत होती: "काल... क, ळ, कळ... नो, नॉट दॅट." मग बरोबर काल निवडला.

शाळेतल्या पुस्तकाने जे झालं नाही ते या पर्यायांच्या पट्टीने केलं. निवडायचं म्हणजे वाचावं लागतंच. तिला मी इन्स्क्रिप्टसमोर बसवलं असतं तर आजीला इंग्रजीत 'गुड नाइट' गेलं असतं आणि विषय संपला असता.

खजिनदार_काका

मावशी, हे मला सुचलं नव्हतं. तुमची लेक निवडताना वाचते, मी निवडताना वाचलं नाही.

तरी सांगतो, इन्स्क्रिप्टमध्ये 'स्त्री' लिहिताना स, पाय मोडा, त, पाय मोडा, र, दीर्घ वेलांटी, असं जावं लागतं. जोडाक्षर कशाचं बनलंय ते हातानेच कळतं. एकदा उन्हाळ्यात आजीकडे आली की दाखवून बघा.

इडलीसोबत_तर्री

बंगळुरूत नऊ वर्षं. काकांनी एक मोठा फायदा सांगितलाच नाही. इन्स्क्रिप्ट बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठीत क जिथे, कानडीतही क तिथेच. मी मराठीसाठी शिकले होते. ऑफिसातल्या आयुधपूजेला कानडीत पाटी हवी होती, भाषा बदलली आणि बोटं आपोआप चालली. लिपी नीट वाचता येत नव्हती तेव्हा मला लिहिता येत होती. सहकारी म्हणाले, कधी शिकलीस? म्हटलं, डोंबिवलीत.

नियमाने_चाला

पाट्या वर्षातून एकदा लिहितात हो ताई. आणि फोनवर? तिथे इन्स्क्रिप्टच्या कळा तिळाएवढ्या होतात. आजकाल लोक लिहितात ते बहुतेक फोनवर. तिथे आयआयटी मुंबईचं स्वरचक्र बरं: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी चक्रासारखी उघडते, बोट सरकवून मात्रा घ्यायची. लॅपटॉपचा गड काकांनी जिंकला, पण बाजारपेठ खालच्या गावात आहे.

इडलीसोबत_तर्री

फोनवर मीही इंग्रजी अक्षरांतच लिहिते. सांगितलं नव्हतं, विचारलं नाहीत म्हणून.

नोकिया_११००

ही सवय लागली कशी ते तरुण मंडळींना माहीत नसेल. एसएमएस इंग्रजी अक्षरांत १६० बसायची. एक अक्षर जरी देवनागरी घातलं की मर्यादा थेट ७० वर. सणावारी तर एकेका मेसेजचे पैसे पडायचे. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' देवनागरीत लिहिणारा म्हणजे पैसेवाला. शिवाय समोरच्याच्या फोनवर नुसते चौकोन उमटले तर तेही पैसे बुडाले. आम्ही काटकसर म्हणून इंग्रजी अक्षरं धरली, ती पुढच्या पिढीने भाषा म्हणून घेतली.

शोधून_सापडेना

कुठल्या कळफलकाने लिहिता यावर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे, ती कुणी काढली नाही. 'ॲप' हा शब्द घ्या. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी कुणी अ वर चंद्र देऊन 'अॅप' लिहायचं, कुणी ए वर चंद्र देऊन 'ऍप'. 'ॲप' आणि 'अॅप' दिसायला सारखे, यंत्राला वेगळे. आजही तिन्ही चालू आहेत. मी एका ग्रंथालयाची यादी सांभाळतो. 'ॲटलस' शोधला की निम्मे ॲटलस सापडतात, उरलेले दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कळफलकाने चढवलेले असतात. दऱ्याखोऱ्यांचंही तेच: कुणी ऱ घेऊन लिहितं, कुणी साध्या र चा पाय मोडून मध्ये न दिसणारी जोडखूण घालतं. कागदावर तीच दरी, शोधायला गेलं की नाही.

म्हणून माझं मत काकांच्या बाजूला, पण वेगळ्या कारणाने. एक समाज एका कळफलकावर लिहील तर निदान याद्या जुळतील.

वऱ्हाडी_ठेचा

माझ्या नावातच ऱ्ह आहे. म्हणजे मी अर्ध्या महाराष्ट्राला सापडतच नसणार. देणेकऱ्यांना सांगू नका.

डीटीपी_२२_वर्षं

@शोधून_सापडेना, एक समाज एका कळफलकावर? आमच्या दुकानात तिघं जण आहोत, तीन कळफलक. मी रेमिंग्टन, पोरगा फोनेटिक, आणि एक मुलगी इन्स्क्रिप्ट. तिची चूक सगळ्यात कमी निघते हे खरं. वेग माझा जास्त. पोरगा सगळ्यात हळू आणि त्यालाच सगळ्यात जास्त शॉर्टकट माहीत.

थेट_बोला

काकांच्या नादाने चार दिवस केलं इन्स्क्रिप्ट, प्रामाणिकपणे. वाय दाबलं की ब येतो आणि एच दाबलं की प, इथेच डोकं फिरलं. सोडलं. आता बोलूनच लिहितो, फक्त पाठवण्याआधी एकदा वाचतो. परवा त्याने 'आठ पाइप' चे 'आठ पाय' केले होते. कोळ्याचं कोटेशन गेलं असतं.

खजिनदार_काका

सर्वांचे आभार. धागा वर काढायचं कारण: शुद्धिपत्र छापून आलं. ६०० प्रती, प्रत्येक अहवालात एक चिठ्ठी. मजकूर मी स्वतः इन्स्क्रिप्टमध्ये लिहिला, ऱ्य अगदी शिफ्ट-जेने, चारदा तपासून प्रेसला पाठवला. जसं छापलंय तसं उतरवतो:

'पान ७ वर "आचार्यांना" ऐवजी "आचार्यांना" असे वाचावे.'

डीटीपी_२२_वर्षं

कन्व्हर्टरने ऱ खाल्ला. प्रूफ आलं होतं ना तुमच्याकडे?

खजिनदार_काका

आलं होतं. फोनवर. जेवायला बसलो होतो, अंगठा दाखवला.