मदत हवी आहे: धबधब्याच्या वाटेवरच्या ओढ्यासाठी दोरी किती लांबीची?

पाऊलखूण: रविवारी सहा जण निघतोय. धबधब्याच्या अलीकडे ओढा आडवा येतो, पूल नाही. दोरी किती मीटरची घ्यावी? लवकर सांगा, उद्याच विकत घ्यायची आहे.

कातळमाथा: पाणी कुठवर? पात्र किती रुंद? तळाला वाळू की गोटे? आणि उतरायच्या जागेच्या खालच्या अंगाला काय आहे? तिथे लगेच कडा असेल, तर घोटाभर पाण्यातूनही जाऊ नका.

रानभूल: ३० मीटर पुरते. दोन्ही काठांच्या झाडांना ताणून बांधा, कंबरेला कॅरॅबिनर (झडपेची धातूची कडी) लावून एकेक जण पार करा.

कातळमाथा: @रानभूल, कंबरेला अजिबात नाही! पाय सुटला की माणूस दोरीला लटकतो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून ठेवतो. ताण आलेला कॅरॅबिनर तेव्हा उघडत नाही.

रानभूल: मग नवख्यांनी धरायचं कशाला? हाताला तरी दोरी हवीच.

कातळमाथा: हाताला चालेल, पण तिरकी बांधा. पलीकडचं टोक प्रवाहाच्या खालच्या दिशेला, आणि चालणाऱ्याने दोरीपासून प्रवाहाच्या खालच्या बाजूने जायचं. वरच्या बाजूने गेलात तर पाणी दोरीखाली ओढतं.

शेवाळ: जळवांसाठी मीठ टाकू नका. नखाने आधी तोंडाकडचं बारीक टोक सरकवा, मग मागचं. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू देत नाही. दाबून धरा.

पाऊलखूण: जळवांचं विचारलंच नव्हतं. रुंदी दहा-बारा पावलं, पाणी मांडीपर्यंत, गढूळ. दोघे पहिल्यांदाच येताहेत.

कातळमाथा: हे आधी सांगायचं ना! गढूळ, जोराचं आणि मांडीपर्यंत म्हणजे ती जागा सोडा, दोरी असो वा नसो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. तळाशी गोटे गडगडल्याचा आवाज येत असेल तर पाय टेकणारच नाही. गुडघ्याखालचं पाणी मिळालं तर बूट घालूनच उतरा, सॅकचा छातीचा आणि कंबरेचा पट्टा सोडा, तोंड पाणी येतं त्या दिशेला, काठी पुढे रोवून आडवं सरका. काठी किंवा एकच पाय, एका वेळी एवढंच उचलायचं.

घाटवाट: वेळेचा हिशेब केलाय का? स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम: ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. ओल्या कातळावर याहून जास्तच धरा. वर पाऊस झाला तर परतीला ओढा चढलेला असतो. जाताना पाण्याच्या कडेला दगड मांडून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

पाऊलखूण: दुसरी जागा शोधायची कुठे?

घाटवाट: नकाशात वरच्या अंगाला दोन ओहोळ मिळतात का बघा. संगमाच्या वर पाणी विभागलेलं असतं, दोन्ही वेगळे ओलांडायचे. समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) विरळ असतील तिथे पात्र पसरट आणि उथळ असण्याची शक्यता जास्त. रेषा दाटीने आल्या की घळ, तिकडे फिरकू नका.

रानभूल: आणि तशी जागा मिळाली तरी तिरक्या दोरीला ३० मीटर लागेलच. दहा-बारा पावलांच्या पात्राला २० कमी पडू शकते, गाठींतही जाते.